गाडीची रजई

बदलीचा कागद हातात पडला तेव्हा रत्नागिरीच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी मला एकच सांगितलं, "धुळं? बाई, भाजून निघशील." मी सुती साड्या घेतल्या, पांढरी छत्री घेतली, कोकमाचं सरबत बाटल्या भरभरून घेतलं. थंडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. डिसेंबरात एका पहाटे कसल्याशा कटकट आवाजानं मला जाग आली. बघते तर माझेच दात वाजत होते. अंगावर दोन चादरी, त्यांच्यावर सगळ्या सुती साड्या, तरी हुडहुडी जात नव्हती. तेवढ्यात खाली अंगणातून कोणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "आज सात!"

मला वाटलं, सात वाजले. धडपडत उठून घड्याळ पाहिलं तर साडेपाच. खिडकीतून डोकावले. खाली घरमालक तुळशीपाशी उभे होते. डोक्यावर माकडटोपी, तिच्यावर मफलर, मफलरच्या आत कानात कापसाचे बोळे, अंगात दोन स्वेटर, आणि पाय मात्र उघडे. हातात टॉर्च. तुळशीच्या बाजूला खिळ्याला एक लांबलचक थर्मामीटर लटकत होता आणि त्यावरचा पारा ते सगळ्या कॉलनीला वाचून दाखवत होते.

"आबा, पायात काही घाला की!" मी वरून ओरडले.

"काय?"

"पायात!"

"हो, सातच! उद्या सहा होईल!"

कानातला कापूस दिवाळीनंतर आत जायचा तो होळीला बाहेर यायचा. मधल्या काळात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे सभेत बोलावं तसं बोलावं लागे. पायांचं विचारलंत तर, "थंडी कानातून शिरते, पायातून नाही," हे त्यांचं शास्त्र. त्यावर वाद घालायची सोय नव्हती, कारण ते खरोखरच शास्त्रवाले. सगळी नोकरी अमळनेरला तेलाच्या गिरणीत, तिथल्या प्रयोगशाळेत. गिरणी बंद पडली, मग धुळ्यात घर बांधलं, बायको गेली, मुलगा पुण्याला गेला. आबा त्या घरात एकटे राहिले आणि वरचा मजला त्यांनी मला दिला.

गिरणीत थंडीच्या दिवसांत तेला-तुपाचे नमुने बाटल्यांत गोठून बसायचे. ते वितळल्याशिवाय तपासणी होत नसे. म्हणून बाटल्यांच्या रांगेशेजारी आबा एक पिवळा बल्ब लटकवून ठेवत. जन्मभर हेच केल्यामुळे माणसाचं एक मत ठाम झालं होतं, की थंडीत जगातली कुठलीच वस्तू बिघडत नाही. "बिघडत काही नाही ताई, आळसतं. आधी ऊब, मग काम."

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी पहिल्या दिवसापासून ताई. माझा गॅस नीट पेटेना तेव्हा आबा कोमट पाण्याची परात घेऊन जिना चढून आले आणि सिलिंडर तिच्यात उभा केला. "गॅस आळसलाय." मी एक दिवस उशिरा उठले तर दारात मेथीचा लाडू घेऊन हजर. "तुम्हीही आळसलात. खा." मेथीचा तो कडू जहर लाडू संपेपर्यंत हलले नाहीत. वर म्हणाले, "आता जिना खालीवर करा." मी केला हो! काय करता? भाडेकरूला कुठे तोंड असतं? आणि खरं सांगायचं तर अंगात ऊब आली.

अशा माणसाच्या हातात त्याच्या मुलानं गाडी दिली, आणि तीही कसली, तर अर्धी पेट्रोलवर नि अर्धी बॅटरीवर चालणारी हायब्रिड.

मुलानं स्वतः नवी गाडी घेतली आणि जुनी वडिलांना आणून दिली. आवाज न करता चालते म्हणून कॉलनीनं तिचं नाव मुकी गाडी ठेवलं. गाय बाजूला होत नसे, कुत्रं उठत नसे. हॉर्न वाजवणं आबांना उद्धटपणाचं वाटे. मग ते काच खाली करून, "अहो, मी आलोय!" असं ओरडत जात. उन्हाळा-पावसाळा दोघांचं छान जमलं. रविवारी आबा अमळनेरला जायचे. गिरणीतले जुने चार सवंगडी एका टपरीवर जमत, तिथे चहा आणि त्याच त्याच गोष्टी. गाडी कुठेही निघाली की कॉलनीतलं कोणी ना कोणी मागच्या सीटवर असायचंच. कोणाला दवाखाना, कोणाला पारोळ्याला माहेर, मला एकदा एरंडोलच्या पुढे पद्मालयाचा गणपती. आबा वाटेत सगळ्यांना लाडू चारत.

आणि मग थंडी पडली. मुकी गाडी बोलायला लागली.

सकाळी बटण दाबलं की लगेच इंजिन सुरू. सिग्नलला थांबली तरी बंद होईना. एरवी गुपचूप बॅटरीवर सरकायची ती आता फाटकापासून चौकापर्यंत घरघर करत जाई. पेट्रोलही जास्त पिऊ लागली. आबांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, "खोकतेय."

सर्व्हिस सेंटरला गेलो. हो, मलाही नेलं, कारण कापसामुळे तिथलं त्यांना ऐकू येणार नव्हतं. तिथल्या तरुण इंजिनिअरनं समजावलं, "काका, थंडीत असंच असतं. बॅटरी गार असली की तिच्यातून ताकद हळू निघते. मग गाडी इंजिन चालू ठेवते आणि स्वतःला गरम करून घेते. काही बिघाड नाही."

मी हे आबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. आबा त्या पोराकडे बघून म्हणाले, "बिघाड नाही हे मला माहितीय. पण स्वतःला गरम करून घेते म्हणजे? मग मी कशाला आहे?"

परत येताना त्यांनी मला सगळं उकलून सांगितलं. समजावून सांगायची हातोटी होती त्यांना. म्हणाले, "ताई, थंडीत गिरणीच्या फाटकाशी कामगार यायचे तेवढेच यायचे. एकही कमी नाही. पण फाटकाबाहेर शेकोटी असायची. ती सोडून आत कोण जातो? भोंगा झाला तरी एकेक जण रमतगमत. तसंच बॅटरीत. वीज तेवढीच आहे, पण बाहेर यायला तयार नाही. आणि ब्रेक दाबल्यावर जी वीज परत मिळते, तीही ही नीट घेत नाही. गार पोटाला जेवण जात नाही."

"म्हणजे हिला पण मेथीचा लाडू?" मी म्हटलं.

आबा हसले नाहीत. विचारात पडले. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

गाडीत दोन बॅटऱ्या असतात हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. थोरली मागच्या सीटखाली, मोठी, चाकं ओढणारी. धाकटी डिकीच्या कोपऱ्यात, साध्या गाडीत असते तशी. "धाकटीचं काम एवढंच, की सकाळी उठून थोरलीला हाक मारायची. दिवे, कुलपं, काचा, तेही तीच बघते. पण खरा संसार थोरलीचा." आणि आबांचा सगळा जीव थोरलीत.

पहिली गोष्ट झाली ती रजई. कॉलनीच्या तोंडाशी रशीदभाईंचं गादी-रजईचं दुकान. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, आणि त्यांच्या खटारा लोडिंग रिक्षातून घरोघर पोचवायच्या. रशीदभाई टेप घेऊन आले आणि गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाले, "आबा, इसमें तो पूरी बारात सो जायेगी."

"नवा कापूस घाला. दाबून नको."

"अस्तर?"

"रशीदभाई, मुलगीच समजा."

मग काय, लाल जमिनीवर पिवळी फुलं. पहाटे अंगणात ती फुलाफुलांची टेकडी बघून दूधवाला सायकलवरून उतरायचा. सगळी कॉलनी खदखदून हसली, पण रजई शिवताना कापूस कमी पडला तेव्हा कोणी हात आखडला असेल तर शपथ. उलट शेजारच्या वाणीणकाकूंनी जुनी उशी फोडून दिली.

मग भरीत. थंडीत इकडे शेताशेतांत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजतात. आमची कॉलनी मागच्या मोकळ्या जागेत भाजते. त्या दिवशी सकाळी वांगी आली, मिरच्या आल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापायला बायका बसल्या, आणि आबा गाडी उलटी घेत घेत जाळाकडे यायला लागले. बॅटरी मागच्या बाजूला, म्हणून मागची बाजू शेकवायची! रशीदभाई हातातला चिमटा टाकून पळत सुटले. "आबा! आगे लो, आगे! पेट्रोल है उसमें!" कानात कापूस. आबांना वाटलं, 'या, या' म्हणतायत. शेवटी मी आणि वाणीणकाकू गाडीच्या मागे हात पसरून उभ्या राहिलो. नंतर भरीत खाताना आबा अगदी शांतपणे म्हणाले, "आणखी थोडी मागे आली असती तरी चाललं असतं." काकूंनी त्यांना त्या दिवशी भाकरी वाढायची नाही असं ठरवलं होतं. वाढली शेवटी.

गिरणीतला बल्बही बाहेर निघाला. घरातून वायर ओढून, गाडीचं दार किंचित उघडं ठेवून, मागच्या सीटच्या पायाशी पत्र्याच्या डब्यात पिवळा बल्ब. मी खूप भांडले, आग लागेल म्हटलं. त्यांनी डब्याला भोकं पाडली. एवढाच माझा विजय.

पण खरं प्रकरण झालं ते कापसाचं. मागच्या सीटच्या कडेला एक जाळी असते. आबांनी तिथे हात धरून पाहिला तर गार हवा आत ओढली जातेय. झालं! "ताई, सापडला. हिचा कान सापडला." आणि आपल्या कानात घालतात तसा त्यांनी तिथे कापूस ठासला, चांगला मूठभर. कापसाचं मात्र कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. इकडे कोणीही पोराच्या कानात कापूस घातल्याचं सांगत फिरत नाही.

आता इकडची थंडी कशी, तर पहाटे बोटं वाकत नाहीत आणि दुपारी पंखा लावावा लागतो. त्या रविवारी अमळनेरहून दुपारी परत येताना थोरली तापली. ती जाळी म्हणजे तिची गार हवा घ्यायची जागा. आत पंखा किंचाळायला लागला, समोर लाल-पिवळे दिवे लागले, आबांनी घाबरून गाडी कडेला घेतली. मोबाइल घरी चार्जिंगला. ओळखीचं कोणी जाईपर्यंत ते कपाशीच्या शेताच्या बांधावर बसून राहिले. इकडे पुण्याहून मुलाचे फोनवर फोन, आबा उचलेनात. त्यानं मला केला, मलाही काही ठाऊक नाही. तो बिचारा तसाच गाडीत बसून निघाला. तो पोचला तेव्हा आबा घरात लाडू खात होते, आणि सर्व्हिस सेंटरच्या पोरानं जाळीतून काढलेला कापूस टीपॉयवर ठेवलेला होता.

मुलगा वाईट नव्हता हो. अंगणात मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "ताई, इकडचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावतो. ते म्हणतात मी एकटा नाही. एकटे नाहीत तर कोण आहे त्यांच्याजवळ?" आत जाऊन त्यानं बापाला सांगितलं, की पुन्हा एकदा जरी ही गाडी अडली तर त्याच दिवशी ती विकायची, घराला कुलूप, आणि आबांनी पुण्याला यायचं. बाराव्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली तयारच होती.

आबा म्हणाले, "कबूल."

मुलगा गेल्यावर ते तुळशीपाशी बसले आणि मला म्हणाले, "माले नही जानं शे पुन्याले. आठेच बरा शे मी." एरवी ते माझ्याशी शुद्ध पुस्तकी बोलत. अहिराणी निघायची ती फार भ्याले किंवा फार आनंदले तरच. त्या दिवशी आनंदाचं काही नव्हतं. मला त्या बाराव्या मजल्यावरचे आबा दिसेनात. तिथे पारा कोणाला वाचून दाखवणार?

पुढच्या थंडीत नातीचा साखरपुडा ठरला. नवरामुलगा जळगावचा, कार्यक्रम जळगावला, सकाळीच. पुण्याची मंडळी आदल्या दिवशी तिकडे पोचली. मुलानं फोनवर म्हटलं, आबा, एसटीनं या. नात मागून ओरडली, "आबा, तुमच्या गाडीनंच या, मला फोटो काढायचाय!" आबांनी सांगून टाकलं, "माझ्या गाडीनं येईन आणि वेळेवर येईन." मुलगा म्हणाला, "आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना?"

"आहे."

आमंत्रण मलाही होतं. पहाटे अंधार विरळ व्हायला लागला तेव्हा मी खाली उतरले. आईची पैठणी, तिच्यावर स्वेटर, डोक्याला शाल. कॉलनीची लाईट आदल्या संध्याकाळीच गेलेली, अजून आली नव्हती. आबा धोतर, कोट, नवी टोपी, टोपीखाली कापूस अशा थाटात. "आज पाच!" त्यांनी जाहीर केलं. गवतावरचं दव पांढरं पडलं होतं. आम्ही दोघांनी रजई काढली, घडी घातली, मी ती मागच्या सीटवर ठेवली. आबांनी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. कुठेतरी आत टिक् टिक् झालं. स्टिअरिंगमागची काच काळी ती काळीच. इंजिन नाही, दिवा नाही, खोकला नाही. ज्या खोकल्यानं गेल्या थंडीत आमचा जीव खाल्ला तो एकदा ऐकू यावा म्हणून मी गणपतीला नवस बोलले असेन.

आबांचे हात स्टिअरिंगवरून खाली पडले. "गयी," ते म्हणाले. "थोरली गयी, ताई. थंडीमा मरी गयी. बठ्ठं संपनं."

आणि मला आला राग! म्हणजे काय, माणूस दोन वर्षं माझं डोकं खातोय आणि आज, आजच्या दिवशी, असा हात टेकून बसतो? मी त्यांच्या टोपीखाली हात घालून दोन्ही बोळे उपटून काढले आणि पर्समध्ये कोंबले. "आबा, ऐका! बिघडत काही नाही, आळसतं! कोण म्हणतं असं? मेथीचे लाडू चारताना मला कोण सांगत होतं?"

कापूस काढल्यावर त्यांचे कान लहान मुलासारखे गुलाबी दिसत होते. मी रडकुंडीला येऊन वर बघितलं आणि मला छतातल्या दिव्याचं बटण दिसलं. ते चालूकडे होतं. दिवा मात्र लागत नव्हता.

"आबा, हा दिवा कोणी लावला?"

"मी. लाईट गेली ना काल. बल्ब बंद. म्हटलं थोरलीला तेवढीच…" आणि ते थांबले. दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "ओ माय वं! धाकटी!"

रात्रभर छताचा दिवा जळला होता, आणि तो जळतो धाकटीवर. आधीच गारठलेली धाकटी पार रिकामी झाली होती. थोरली मागच्या सीटखाली ठणठणीत बसून होती, फक्त तिला हाक मारायला कोणी नव्हतं. आबा एकदम ताडकन उतरले. "थोरलीला काही झालेलं नाही! धाकटी उपाशी आहे. तिला घोटभर वीज द्या, बस. रशीदभाई! ओ रशीदभाई!"

रशीदभाईंचा खटारा थंडीत रोज दुसऱ्याच्या बॅटरीवर उठायचा, म्हणून जाड वायरी त्यांच्याकडे कायम. नुकताच तो उठवला होता. लुंगी सावरत, फटफट करत रिक्षा घेऊन ते आले. पण धाकटी डिकीत. डिकीचं कुलूप विजेवर. वीज धाकटीची. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं.

"आतून एक खिट्टी असते," आबा म्हणाले. "मागच्या सीटवरून डिकीत उतरायचं आणि चाचपायचं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांची कंबर ही अशी. रशीदभाई चांगले रुंद. राहिले कोण?

आईची पैठणी नेसून मी त्या सीटवरून डोकं खाली, पाय वर अशी डिकीत उतरले. तुम्हाला सांगते, माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी देवाची नावं घेतली नव्हती. आत मिट्ट काळोख, वास लाडूंचा. एक अख्खा डबा होता तिथे. गुडघ्याखाली काहीतरी कुरकुरलं, तो त्यातलाच असणार. आबा बाहेरून सांगत होते, डावीकडे, खाली, आणखी खाली. मी ओरडले, "सापडत नाही!" आणि त्या थंडीत पहिल्यांदाच त्यांनी मला एका हाकेत ऐकलं. "हळू, ताई. वेळ आहे आपल्याकडे." वेळ नव्हता. पण त्यांनी ते इतकं सावकाश म्हटलं, की माझी बोटं थांबली आणि खिट्टी हाताला लागली.

डिकी उघडली आणि समोर अख्खी कॉलनी! वाणीणकाकू, दूधवाला, शाली पांघरलेली सगळी तोंडं, आणि डिकीत पैठणी नेसून उकिडवी बसलेली मी. कोणी हसलं नाही. दूधवाल्यानं हात देऊन मला उतरवलं. काकूंनी न बोलता माझ्या केसातला लाडूचा चुरा काढला. आबांनी स्वतः वायरी लावल्या, लाल लालला, काळी काळीला, आणि जाऊन बटण दाबलं.

काचेवर हिरवी अक्षरं उमटली. रेडी. क्षणभर शांतता. मग इंजिन खोकलं.

"व्हयनी!" आबा खिडकीतून ओरडले. "चालू व्हयनी!"

रशीदभाईंनी वर हात केले. मला तर तिथेच फतकल मारून रडावंसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो कसा उतरतो ते मला त्या दिवशी कळलं. खरोखर श्वास मोठा येतो.

"आता जळगावपर्यंत बंद करायची नाही," आबा म्हणाले. "थोरली वाटेत धाकटीला भरवेल." पारोळा गेलं, एरंडोल गेलं, चहाला थांबलो नाही. ऊन वर आलं. केव्हातरी इंजिन आपोआप गप्प झालं आणि गाडी नुसती सरकत राहिली. मी बोलायला तोंड उघडलं तर आबांनी बोट ओठांवर ठेवलं. म्हणाले, "किती छान चालते हो ही थंडीत." कानातल्या कापसामुळे थंडीतली तिची शांतता त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

मंगल कार्यालयाच्या फाटकाशी मुलगा उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं. मुहूर्ताला वेळ होता. त्याचा चेहरा सैल झाला. "आलात! काही त्रास नाही ना झाला?"

मी पुढे होऊन 'छे, छे' म्हणणार, तेवढ्यात आबांनी गाडीची किल्ली काढून त्याच्यासमोर धरली. "सकाळी अडली होती. माझ्याच चुकीनं. शब्द दिला होता, हे घे."

मला त्यांना तिथेच चिमटा काढावासा वाटला. अरे बाबा, कोण विचारत होतं? एवढी मी डिकीत शिरले ती कशासाठी?

मुलानं किल्ली घेतली. "मग चालू कशी झाली?"

आबांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. छताचा दिवा, रशीदभाईंची रिक्षा, दूधवाल्याचा हात, काकू. "आणि या ताई डिकीत उतरल्या." मुलानं माझ्याकडे पाहिलं. पैठणीच्या गुडघ्यावर तुपाचा डाग, पदराला काळा ओरखडा. मी मान ताठ ठेवली. म्हटलं, काय बोलायचंय ते बोल.

"एवढे सगळे उठून आले?" त्यानं विचारलं.

"येणारच की," आबा म्हणाले. त्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलंच नाही.

"गेल्या महिन्यात माझी गाडी बेसमेंटला बंद पडली आबा. तासभर उभा होतो. लोक बाजूनं गाड्या काढून गेले." एवढं बोलून त्यानं बापाचा हात धरला, किल्ली त्या हातात ठेवली आणि वरून बोटं मिटवली. "राहा तुम्ही. पण तो बल्ब नको. रजईपर्यंत ठीक आहे."

"बल्ब नाही," आबा म्हणाले. "धाकटीलाही एक शिवून घेतो. रशीदभाईंना सांगतो, लहानशी."

मुलगा हसला, मग तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. आतून नात फोटोसाठी हाका मारत होती. आबा दोन पायऱ्या चढले आणि थबकले. खांदे आखडले, दोन्ही हात कानांवर गेले. पहाटेपासून त्या माणसाला थंडी वाजलीच नव्हती, ती आत्ता वाजली.

"ताई," ते म्हणाले, "कापूस कुठाय माझा?"

मी पर्समधून दोन्ही बोळे काढले, कुंकवाच्या डबीला चिकटून थोडे लाल झालेले, आणि तिथे पायरीवरच, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, त्यांच्या कानांत नीट बसवून दिले.